अंबाजीआबांच्या मिशा आणि पाच जणांचं रक्त

१

पैज लागली ती एका कुलपासमोर.

कान्हे स्टेशनच्या रस्त्यावर कैलासचं सलून आहे. सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वर पत्रा. गाळा अंबाजीआबांचा. बुधवारी सकाळी आबांनी स्वतःच्या हातानं शटरला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. कैलास शेजारी उभा राहून बघत होता. तीन वर्षं तुरुंगात काढलेला माणूस कुलपापुढं फार बोलत नाही.

"बेलवस्तीतल्या पाच जणांच्या रक्तात रोग निघालाय," आबा जमलेल्यांना सांगत होते. "हा सुटून आला शिमग्याला. रोग निघाला दिवाळीला. गणित कुणाला येत नसंल तर मी शिकवतो."

"आबा, तुमी चवथीला दोनदा बसलेलात," मागून आवाज आला. "गणित ऱ्हाऊ द्या."

माणसं हसली. आवाज शालनचा होता. शालन म्हणजे बेलवस्तीची आशाताई. वय सत्तेचाळीस, काखेत सरकारी रजिस्टर, डोक्यात कायम काहीतरी खोडी. गेल्या शिमग्याला आबांच्या म्हशीच्या शिंगांना लिपस्टिक कुणी लावली हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण लिपस्टिक शालनच्या सुनेची होती.

"मग तूच सांग," आबा म्हणाले, "रोग कुटनं आला?"

"शोधून सांगीन. पण ह्याच्या दुकानातनं आला असं मला वाटत न्हाई."

"लावतीस पैज?"

शालननं पैजेला नाही म्हटल्याचं वस्तीत कुणाला आठवत नाही.

आबांनी मिशांवरून हात फिरवला. वडगावच्या कोर्टापासून कामशेतच्या तांदूळवाल्यांपर्यंत त्या मिशा सगळ्यांच्या ओळखीच्या. "ह्या कैलासनं रोग आणला न्हाई असं निघालं, तर ह्याच्याच खुर्चीत बसून मिशा उतरवीन. भर रस्त्यात. आन् निघालं तर तू माझ्या म्हशीला लुगडं नेसवायचंस आन् सासूबाई, सासूबाई म्हणत हितवर आणायचंस."

"कबूल. पण आबा, मिशा गेल्यावर तुमच्यात उरंल काय?"

"माझ्यात?" आबांनी छाती ठोकली. "शहाण्णवला घाटात ट्रक पलटी झालता तवा चार बाटल्या परक्यांचं रक्त चढवलंय माझ्यात. चौघांची ताकद हाय हितं. तू मिशांची काळजी करू नगं."

मुदत रविवारपर्यंतची ठरली. रविवारी वस्तीची बैठक होती. तोवर शालनला काही सापडलं नाही तर कैलासनं गाळाही सोडायचा आणि वस्तीही.

माणसं पांगली. कैलास हळूच शालनजवळ आला. "ताई, पैज लावायला नको होती तुम्ही. तुम्हाला माझी एक गोष्ट माहीत नाही."

आणि त्यानं शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. ती आधीच मनगटापर्यंत होती.

२

मुळात घोळ झाला तो रक्तदानानं.

दिवाळीआधी वस्तीत रक्तदानाचं शिबिर झालं. माणसं शालननंच गोळा केली होती, म्हणजे शिव्याही तिनंच खायच्या. अंबाजीआबाही बाही वर करून आले होते, पण अडुसष्ट वय ऐकून डॉक्टरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पुढं पाच जणांना वडगावहून फोन गेले. फोन गुपचूप गेले, पण पाचही जण एकाच टेम्पोत बसून वडगावला गेले. मग गुपित कसलं राहतंय.

वस्तीत आधी एड्स म्हणून बोंब झाली. शालननं वडगावच्या समुपदेशक कोमलला फोन लावला.

"ताई, कुणाचं नाव घेऊन मी बोलणार नाही," कोमल म्हणाली. "पण एचआयव्ही तिकडं कुणालाच निघालेला नाही, एवढं लोकांना सांगा. हा हिपॅटायटीस सी आहे. लिव्हर आतून खराब करतो, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. गोळ्यांनी बरा होतो."

"यायच्या वाटा?"

"रक्तातून रक्तात. वापरलेली सुई, वापरलेलं ब्लेड, एकाच सुईनं कितीजणांना गोंदणं, न तपासलेलं रक्त चढवणं. तुरुंगात जास्त सापडतो, कारण तिथं ह्या वस्तू एकाच्या दहाजण वापरतात. पण वाटा तुरुंगात आणि बाहेर त्याच. भिंतीनं काही फरक पडत नाही."

शालननं रजिस्टरच्या मागच्या पानावर यादी केली आणि गुरुवारभर दारोदार फिरली. ऑपरेशन? न्हाई. दात काढला? न्हाई. गोंदवलं? न्हाई. इंजेक्शन? आजारी पडलो न्हाई तर इंजेक्शन कशाला?

चौथ्या घरात तिला चहा मिळाला नाही. पाचव्या घरात पाणीसुद्धा मिळालं नाही. "तूच रक्त द्यायला नेलंस, तूच रोग चिकटवलास," असंही ऐकून झालं. तिनं सरकारी दवाखान्यात फोन केला, तर लेखी द्या म्हणाले. लेखी द्यायला रजिस्टर उघडलं, तर असल्या गोष्टीला त्यात रकानाच नव्हता. शालननं पेन बंद केलं आणि रजिस्टरला एक शिवी दिली. तिच्यासाठीही रकाना नव्हता.

मात्र दोन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. आदिनाथ हा वस्तीतला नटवा गडी. दिवसाआड कैलासकडं दाढी करायचा, त्याच्याइतका त्या खुर्चीत कुणीच बसला नसेल. त्यानं शिबिरात रक्त दिलं होतं आणि ते साफ निघालं होतं. उलट पाचांत एक होती रेणुका. बाईमाणूस, सलूनची पायरी कधी चढलेली नाही.

म्हणजे धागा खुर्चीतून जात नव्हता.

शालन खूश होऊन घरी निघाली. ओढ्यापाशी बायका कपडे धूत होत्या. त्यातली एक मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "रेणुकाला रोग कसा झाला ते समद्यांना ठाऊक हाय की. कैलासचं घर तिच्या परड्याला लागूनच हाय."

शालनची खुशी तिथंच ओढ्यात बुडाली.

३

शुक्रवारी सकाळी ती कैलासच्या घरी जाऊन दारातच बसली. "बाही वर कर."

कैलासनं आधी रस्त्यावर कुणी आहे का ते बघितलं. मग त्यानं बाही वर केली. कोपराखाली निळं, वाकडंतिकडं गोंदण होतं. त्याच्या आईचं नाव, शेवटचं अक्षर अर्धवट.

"आत सगळे करायचे," तो म्हणाला. "शिवायची सुई, रिफिलची शाई. एकच सुई, आमी बाराजण. आईची आठवण यायची, बसलो मी पण. वर्षानं तपासणी झाली आणि हाच रोग निघाला."

शालनच्या डोळ्यांसमोर लुगडं नेसलेली म्हैस उभी राहिली.

"पुढं बोल."

कैलासनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत कागद. "बारा आठवडे गोळ्या दिल्या. नंतर तीन महिन्यांनी परत रक्त बघितलं. साफ. सुटायच्या आधी आणखी एकदा बघितलं. साफ. तारखा बघा."

शालननं तारखा दोनदा वाचल्या. शिमग्याला घरी आलेल्या माणसाच्या अंगात रोग उरलेलाच नव्हता. जे नाही ते तो कुणाला देणार?

"आरं मग हे कागद आबांच्या तोंडावर का न्हाई मारलेस?"

"काय सांगू ताई? मला रोग होता, आता गेलाय, बसा दाढीला?" कैलास हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "होता एवढंच ऐकतील. गेला हे कुणाच्या कानात शिरणार नाही. म्हणून तर मी गिऱ्हाईकासमोर नवं पातं काढतो आणि त्याच्यासमोरच मोडून डब्यात टाकतो. माझं मला माहीत आहे ना, काय असतंय ते."

खरं बोलत होता. आणि हे खरं बाहेर सांगायची सोय नव्हती, कारण ते त्याचं खासगी होतं. शालनला जीभ असून मुकं झाल्यासारखं वाटलं.

ती तशीच मागच्या परड्यातून रेणुकाकडं गेली. रेणुका भाताच्या पेंढ्या रचत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "ताई, परत तेच विचारू नका. दरसाल मी रक्त देते. हे कार्ड बघा, गेल्या सालच्या दिवाळीचं. तवा काय बी नव्हतं. एका वर्षात मी काय पाप केलं?"

"पाप न्हाई गं. सुई टोचली का कुटं, एवढंच आठव."

"न्हाई म्हटलं ना. ती आषाढातली ताकदीची सोडली तर न्हाई."

शालन उठायला लागली होती ती परत खाली बसली. "कसली ताकदीची?"

"इर्जिकीतली. ती काय इंजेक्शन न्हाई ताई, ती जेवणातच धरत्यात."

४

इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि शेतमालकानं रात्री मटणभाकरी घालायची. आषाढात आबांच्या खाचरात भातलावणीची इर्जिक झाली होती. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून माणसांच्या कमरा मोडतात, म्हणून आबा मटणाआधी सगळ्यांना ताकदीची सुई द्यायचे. दहा-बारा वर्षांची रीत. पान-सुपारी विचारल्यावर जसं कुणी औषध घेतलं म्हणत नाही, तसं ह्या सुईला कुणी इंजेक्शन म्हणत नव्हतं.

शालन त्या दिवशी लसीकरणाला दुसऱ्या वाडीत होती. कैलासला कुणी बोलावलंच नव्हतं. तुरुंगातून आलेल्याला पंगतीला कोण बोलावतं?

सुई द्यायला असायचे रखमाजी. कामशेतला एका डॉक्टरांकडं चाळीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना मिटला, रखमाजींचा हात काही थांबला नाही. माणूस देवभोळा, हात हलका. शालननं नुसतं विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की सुई दर माणसाला नवी. आणि ते खोटंही नसतं.

म्हणून तिनं विचारलं नाही. ती कण्हत कण्हत त्यांच्या ओट्यावर जाऊन पडली.

"रखमाजी भाऊ, कापणीनं अंग मोडून आलंय. एक ताकदीची मारा."

"आशाताईला माझी सुई?" रखमाजी सुखावले. "तुमच्या सरकारी गोळ्या कुटं गेल्या?"

"गोळ्यांनी काय हुतंय. तुमच्या हाताला गुण हाय."

रखमाजींनी स्टीलचा डबा उघडला. औषधाची काचेची कुपी नवी, तिचं डोकं तिच्यासमोर मोडलं. सुईचं पाकीट नवं, तेही तिच्यासमोर फोडलं. "बघून घ्या. मोठ्या शहरात बी एवढं पाळत न्हाईत. बाया जाड सुईला भित्यात, म्हणून बारीक सुया मी निराळ्या आणतो."

"आन् पिचकारी, भाऊ?"

"तिचं काय?"

"ती कुटली?"

"ही काय, डब्यातली. परवा आदिनाथच्या आईला दिली ना." रखमाजींनी नवी सुई जुन्या पिचकारीवर बसवली आणि कापूस हातात घेतला. "हात पुढं करा. पिचकारी कुटं टोचती अंगाला? टोचती ती सुई."

शालननं हात मागं घेतला. ओट्यावरून उठताना तिचं कण्हणं एकदम बरं झालं होतं.

५

सगळं समजावून सांगितल्यावर रखमाजी भिंतीला टेकून बसले. सुई आत असताना रक्ताचा कण पिचकारीत मागं ओढला जातो, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि पुढच्याच्या अंगात औषधाबरोबर जातो. चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"इर्जिकीला पिचकारी कुटली व्हती?" शालननं विचारलं.

"नवी. आबांसमोर फोडली."

"समद्यांना तीच?"

"न्हाई. सहा जणांना तीच. मग दट्ट्या अडकाया लागला, म्हणून राहिलेल्या तिघांना दुसरी फोडली."

"ओळीनं सांगा. कोण कुणाच्या मागं?"

रखमाजींना पाठ होती. लावणीत ज्या क्रमानं उभे, त्याच क्रमानं सुईला. शालननं मागच्या पानावर नावं लिहिली. दुसरी पिचकारी मिळालेले शेवटचे तिघं शिबिरात साफ निघालेले. त्यांच्या वरचे पाच तेच, टेम्पोत बसून वडगावला गेलेले. त्या पाचांत सगळ्यात वर रेणुका. गेल्या सालच्या दिवाळीला साफ असलेली रेणुका.

आणि रेणुकाच्या वर, त्या नव्या कोऱ्या पिचकारीला लागलेला पहिला माणूस एकच.

"दरसाल आबा सुईला बी शेवटी, जेवणासारखेच. यंदा पहिले बसले," रखमाजी पुटपुटले. "बाकीच्यांची भीती मोडावी म्हणून. आबाच म्हणाले तसं."

नवी पिचकारी. तिच्यात एकाच माणसाचं रक्त. अन् त्याच्या मागं पाच जण आजारी. शालनला घाटातला ट्रक आठवला, चार बाटल्या आठवल्या, छाती ठोकलेली आठवली. शहाण्णव साली चढवायच्या रक्तात हा रोग कुणी तपासत नव्हतं. आणि दिवाळीच्या शिबिरात आबांचं रक्त घेतलंच नव्हतं.

रखमाजींचा डबा तिनं काखेत मारला. "हा मी दवाखान्यात देणार, आन् काय घडलं ते बी सांगणार. नावं न्हाई, पण सुईचं सांगणार."

"सांगा," रखमाजी म्हणाले. "मी बी येतो संगं."

आबा गोठ्यात धार काढत होते. शालननं थट्टा न करता सगळं सांगितलं. दुधाची धार मध्येच थांबली.

"मला रोग हाय म्हणतीस? मला? आन् त्या जेलवाल्याला न्हाई?"

"मी म्हणत न्हाई. वडगावला जाऊन तपासा, रक्तच सांगंल. आन् आबा, असला तर औषध घ्या. तीस वर्षं आतून पोखरतंय ते."

"न्हाई गेलो तर?"

"तर मी काय करणार? कुणाच्या रक्तातलं चारचौघांत बोलायचं न्हाई, हा नेम हाय माझा. बैठकीत मी पिचकारीचं सांगीन, पण लोक म्हणणार पुरावा दे, रोग पयला कुणात व्हता ते सांग. ते मला सांगता यायचं न्हाई."

आबांनी तिच्याकडं रोखून बघितलं. "म्हंजे तू हरलीस."

शालनच्या तोंडात आलेल्या चार शिव्या तिनं गिळल्या. एवढ्या शिव्या एकदम गिळायची तिला सवय नव्हती. "व्हय. हरले. पण कैलासचं घर जातंय त्यात."

"जा तू आता," आबा म्हणाले.

शनिवारी आबा दिवसभर कुणाला दिसले नाहीत. शालननं कोमलला फोन लावला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत कोमल म्हणाली, "ताई, नाव विचारू नका." शालननं फोन उशीवर आपटला.

६

रविवारी सकाळी शालन आईचं जुनं नऊवारी लुगडं घेऊन आबांच्या गोठ्यावर गेली. पैज म्हणजे पैज. आबा घरात नव्हते, म्हैस होती. नऊवार लुगडं म्हशीला पुरत नाही हे तिला तिथं कळलं. अर्धं पाठीवर, अर्धं चिखलात, असा संसार घेऊन ती निघाली.

"चला सासूबाई."

बायका दारात आल्या, पोरं मोबाईल घेऊन मागं लागली. कुणीतरी ओरडलं, "शालन, सासूबाईंचा पदर सावर." शालन हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला खोडीची लाज वाटत होती. पुढं कैलासचं सामान टेम्पोत चढताना बघायचं होतं, आणि ते बघायला आपण म्हैस घेऊन चाललोय.

स्टेशनच्या रस्त्याला ती वळली आणि म्हशीआधी तीच थांबली.

शटर वर होतं. बैठकीला निघालेली अख्खी वस्ती गाळ्यापुढं गोळा झाली होती. आत खुर्चीत, गळ्याला पांढरं कापड बांधून, अंबाजीआबा बसले होते. शेजारी कैलास पुतळ्यासारखा उभा.

"आली का," आबा आरशातून म्हणाले. "आधी ते लुगडं सोड. पैज मी हरलोय, म्हस न्हाई."

कुणी हसलं नाही. आबांनी खुर्ची माणसांकडं फिरवायला लावली.

"ऐका. काल वडगावला रक्त तपासलं. पयल्या तपासणीत रोग निघाला. घाटातल्या अपघातात जे रक्त चढलं त्यातनं आला आसंल, असं डॉक्टर म्हणाले. आन् इर्जिकीला माझ्या मागं ज्या पाचांनी सुई घेतली, त्यांना माझ्यातनं गेला. कैलासनं काय बी केलं न्हाई. रेणुकानं बी न्हाई. तिच्याबद्दल जी बाई ओढ्यावर बोलली, तिनं आज तिच्या दारात जाऊन यावं. ह्या गाळ्याला कुलूप मी घातलं. चूक माझी. कैलास, घे रे पातं."

कैलासनं डब्यातून पाकीट काढलं. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आरं, त्यांना हात लावू नगंस. आताच म्हणाले ना रक्तात हाय म्हणून."

कैलासनं वळून बघितलं सुद्धा नाही. नवं पातं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, वस्तऱ्यात बसवलं आणि डाव्या हातानं आबांची हनुवटी उचलली. तालुक्यात गाजलेल्या मिशेचा डावा पंखा कापडावर पडला. कैलासचा हात थांबला.

"आबा, बास का? अर्धी तरी ठेवा."

"अर्धी मिशी घेऊन कुटं जाऊ? काढ."

उजवाही पडला. खाली आबांचा वरचा ओठ निघाला, लहान पोराच्या ओठासारखा पांढरा. कैलासनं पातं मोडून डब्यात टाकलं. आबांनी खुर्ची परत आरशाकडं फिरवून घेतली आणि ते स्वतःकडं बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले की शालनला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"त्या गोळ्या म्हणं बारा आठवडे घ्यायच्या. लय कडू असत्यात का रे?"

कैलासनं एकवार शालनकडं बघितलं, मग बाहेरच्या गर्दीकडं. मग शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि टॉवेल पाण्यात बुडवला.

"न्हाई आबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी घेतल्यात. कडू न्हाईत."